भोये सिस्टर खोटं बोलत नव्हत्या

दम्मामच्या ज्या क्लिनिकमध्ये मी लॅबमध्ये काम करायचे, तिथे इंजेक्शनच्या खोलीबाहेर बसलेले पेशंट एकमेकांना हळूच विचारायचे, "आत कोण आहे?" भोये सिस्टर आहेत असं कळलं, की काहीजण उठून समोरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, काहीतरी घेऊन येतो म्हणून जायचे आणि त्यांची ड्युटी संपेपर्यंत यायचे नाहीत.

एकदा रत्नागिरीकडचा एक दुकानदार हात भाजून घेऊन आला. उकळतं तेल उडालं होतं. फोड फुटून कातडी लोंबत होती. सिस्टरांच्या छातीवरचं नाव वाचून त्याला धीर आला.

"तुम्ही मराठी काय? बरं झालं. सिस्टर, दुखेल काय हो?"

"दुखेल."

"बरंच?"

"तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त. ओरडायचं तर ओरडा. हात हलवू नका."

त्याने हात हलवलाच. सिस्टरांनी त्याचं कोपर टेबलावर दाबून धरलं आणि मेलेली कातडी काढण्याचं काम चालू ठेवलं. तो रडला, आई आठवली त्याला. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर रक्त द्यायला माझ्या खिडकीशी आला तेव्हा म्हणाला, "परदेशात आपलं माणूस भेटलं म्हणून मी खूश झालो होतो."

हात मात्र चांगला बरा झाला. तेही सांगायला तो पुढच्या महिन्यात आला होता, पण आत कोण आहे हे विचारून.

ठेंगणी, रुंद हाडाची बाई. वय चाळीसच्या पुढे. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण. चालताना पाय असे टाकायच्या, की जणू पायाखाली उतार आहे. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच दिवशी डबा उघडता उघडता त्यांनी मला विचारलं, "तू नाशिकची ना?"

"हो, पंचवटीतली."

"मी सुरगाण्याची. म्हणजे सुरगाण्यापासून आत, लय आत. आम्ही आदिवासी, कोकणा. कोकणी नाही, कोकणा. आधीच सांगते. मागाहून कुणी हुडकून काढलं की त्याच्या तोंडावर जो आनंद येतो तो मला बघवत नाही."

मी डबा पुढे सरकवला. "लोणचं घेता का?" असं काहीतरी विचारलं.

"आंबट आहे तुझं लोणचं," चाखून झाल्यावर त्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नसत. बोलता येत नव्हतं असं नाही, त्याची गरज वाटत नसे. आपण मरणार का असं विचारणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी "हो, पण आज नाही" असं सांगितलं होतं. एखादा पेशंट गेला, की डोळे मिटवून, हनुवटीला पट्टी बांधून, चादर ओढून "खलास" म्हणायच्या आणि हात धुवायला जायच्या. त्यांचा चहा कधी चुकला नाही.

एका संक्रांतीला मी त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. आमच्या बिल्डिंगमधल्या, नवरे तेलकंपन्यांत इंजिनिअर असलेल्या आम्ही पंधरा-वीस जणी होतो. सिस्टर आल्या, कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसल्या, चिवड्याची बशी हातात. पुण्याच्या एक बाई त्यांच्याशी बोलू लागल्या. सुरगाण्याचं नाव ऐकून त्यांना फार आनंद झाला.

"किती सुंदर भाग आहे तो. आम्ही पावसाळ्यात गेलो होतो. धुकं, धबधबे. इथल्या वाळवंटात तुम्हाला किती आठवण येत असेल ना घराची?"

"धुकं आठवतं," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या पाड्यावरनं माणूस दवाखान्यात न्यायचं तर झोळी करायची. बांबूला घोंगडी बांधायची, दोघं पुढं, दोघं मागं. माझ्या मोठ्या बहिणीला, जनीला, असंच नेलं होतं. बाळंतपण अडलं होतं. सकाळची वेळ. सगळ्या दरीत धुकं भरलेलं. लय छान दिसत होतं. उतारावर जिथनं डांबरी रस्ता पहिल्यांदा दिसतो, तिथे ती गेली. पोर तेवढी निघाली जिवंत."

सिस्टरांनी बशीतले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि मला म्हणाल्या, "चिवडा चांगला झालाय."

त्या बाईंना मी पुन्हा त्यांच्याशी बोलताना पाहिलं नाही. मला मात्र वाटलं, की सिस्टरांना मुद्दाम टोचायचंच होतं. धुक्याचं नाव निघाल्यावर ती बाई कुठे दुखावेल हे सिस्टरांना बरोबर कळलं होतं.

जनीची ती पोर, मनीषा, सिस्टरांच्या आईने वाढवली आणि सिस्टरांच्या पगाराने शिकवली. त्या वेळी ती नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. त्याच पगारावर पाड्यावरचं घर, आईचं औषध आणि दारू पिणारा एक भाऊ चालत होता. लग्नाचं मी एकदाच विचारलं. "कोणासाठी?" असं त्यांनी विचारलं, आणि मी विषय बदलला.

ते सौदीकरणाचे दिवस होते. दुकानात, कंपनीत, दवाखान्यात अमुक इतकी माणसं इथलीच हवीत असा नियम झाला होता. जिथे ती कमी, ती जागा सरकारच्या लाल यादीत जायची, आणि लाल यादीत गेलं की बाहेरच्या माणसांचे इकामे नव्याने मिळत नसत. इकामा नाही म्हणजे इथे राहता येत नाही. आमचं क्लिनिक लाल यादीत गेलं तेव्हा आमचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, दोन दिवस जेवला नाही असं म्हणत. तिसऱ्या दिवशी त्याने नौफला आणलं.

नौफ विशीतली. नर्सिंगची पदविका नुकतीच झालेली. तिची वस्ती दक्षिणेकडे, वाळूच्या कडेला. उंटवाल्यांचं कुळ. आजोबांच्या काळापर्यंत तंबूत राहणारं, आता सरकारने बांधून दिलेल्या घरांत. भावाच्या पिकअपमधून सकाळी निघालं की अर्धा दिवस जायचा. त्या वस्तीतून शिकायला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. तिचा बाप स्वतः तिला घेऊन आला होता. वाकलेला, उन्हाने काळा पडलेला म्हातारा. मुदीरला म्हणाला, "पोरगी शिकेल, वर्षा-दोन वर्षांत आमच्याकडे सरकारी दवाखाना होणार आहे, तिथे कामाला लागेल. पण राहायचं की नाही ते ती ठरवेल. मी बांधून ठेवणार नाही."

रिसेप्शनवरच्या दम्मामच्या मुली तिच्या बोलण्याला हसायच्या. "उंटावरून आलीस का?" एकीने विचारलं. नौफने गंभीरपणे सांगितलं, "नाही, भावाच्या गाडीतून." त्यावर त्या अजूनच हसल्या.

मुदीरने तिला भोये सिस्टरांच्या हाताखाली दिलं. पहिल्या दिवशी नौफने नकाब वर केला, सिस्टरांचं गोंदण पाहिलं आणि बोट लावून म्हणाली, "माझ्या आजीला असंच आहे. इथे, हनुवटीवर."

"हात खाली," सिस्टर म्हणाल्या. "धुतलेत का?"

त्यांनी तिला फार राबवलं. पाठीला जखमा झालेले म्हातारे, सडलेले पाय, सगळं तिच्या वाट्याला. बोटं चिरडलेला एक कामगार आला तेव्हा नौफला उलटी झाली. सिस्टर म्हणाल्या, "पुसून घे आणि परत ये. याची बोटं तोवर थांबणार नाहीत." ती पुसून परत आली. हळूहळू शिकू लागली. लांबून येणाऱ्या बेदू, म्हणजे वाळवंटी टोळ्यांतल्या म्हाताऱ्या, ज्या सिस्टरांना अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत, त्या नौफसमोर बाही वर करून बसायच्या, आणि घरच्यासारख्या गप्पा मारायच्या. मुदीर ते दारातून बघायचा.

ते सिस्टरांनाही दिसत होतं. नौफ पक्की झाली, की त्या जागेवर एक माणूस जास्त होणार होतं. कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

नौफला घराची फार आठवण यायची. मावशीकडे राहायची, तिथे खिडकी उघडली की समोरची भिंत दिसते असं सांगायची. ती प्रत्येकाला एकच विचारायची, "हे जातं का?" आठवण येणं जातं का. फिलिपिनो सिस्टर म्हणाली जातं. मी म्हणाले, थोडं जातं. मुदीर म्हणाला, पहिल्या पगाराला जातं. तिचे तीन महिने संपत आले आणि करारावर सही करायची वेळ आली, तेव्हा तिने भोये सिस्टरांना विचारलं. बाकीच्यांनी धीर द्यायला काहीही सांगितलं असतं. ही बाई खोटं बोलत नाही, हे तिला तीन महिन्यांत कळलं होतं.

दुपारच्या नमाजाची वेळ होती, दरवाजा बंद, पेशंट नाहीत. इंजेक्शनच्या खोलीतून लॅबमध्ये नमुने द्यायला एक छोटी खिडकी होती, ती उघडी होती. सिस्टर गॉजच्या घड्या घालत होत्या. अरबी त्यांची तुटकी, पण पुरेशी.

"जात नाही," त्या म्हणाल्या.

"कधीच?"

"मी दहा वर्षांची होते. बापाने आश्रमशाळेत सोडलं. मी पळून घरी आले. डोंगरातनं, एकटी. आईने आतून कडी लावली. मी हाका मारत होते आणि ती आत दळण दळत होती. जात्याचा आवाज मला येत होता. शेळ्यांमध्ये झोपले, सकाळी परत शाळेत गेले."

"मग?"

"मग शिकले. पहिल्या पगाराला सगळ्यांना कपडे घेऊन घरी गेले. अंगणात सगळे जमिनीवर बसलेले. आई शेजारी गेली, खुर्ची मागून आणली आणि मला म्हणाली, बसा."

नौफने एक गॉज उचलून घडी घालायला घेतली.

"आमच्या भाषेत मुलीला कोणी असं बोलत नाही. मी म्हटलं, मी खाली बसते. ती म्हणाली, कपडे खराब होतील. तेव्हापासून खुर्चीच. चुलीपाशी येऊ देत नाहीत. आपसात भांडत असले आणि मी आले, की गप्प बसतात. घर मी बांधलंय. त्यात मी पाहुणी आहे."

"माझ्या घरी असं करणार नाहीत."

"करतील. दोन वर्षांनी तू जाशील, तर तुझी आजी कॉफीचा पहिला पेला तुझ्यासमोर धरेल. तुझ्या हातचा घेणार नाही. तुझ्याशी जपून बोलेल."

सिस्टरांनी पुढचं गॉज ओढलं. मग नौफने विचारलं, "आणि आत्ता गेले तर?"

"तर घरचीच राहशील."

यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. खुर्चीची गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती, पण सांगताना त्यांचा आवाज जसा बसला, तसा मी एरवी कधी ऐकला नाही. फक्त जनीचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या पाड्यावर राहिलेल्या मुलीचं काय झालं, ते त्यांनी नौफला सांगितलं नाही.

नौफने सही केली नाही. त्याच आठवड्यात भाऊ न्यायला आला. जाताना तिने सिस्टरांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, जसं तिकडे आजीचं घेतात. सिस्टर हातमोजे घालून उभ्या होत्या, त्यांनी ते काढले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी आम्ही डबा खात असताना मनीषाचा फोन आला. पलीकडचं रडणं मला ऐकू येत होतं. होस्टेलमध्ये मुली तिच्या बोलण्याची नक्कल करतात, तिला घरी जायचं होतं.

"जा," सिस्टर म्हणाल्या. "आजीला मी सांगून ठेवलंय. दार उघडणार नाही ती." आणि फोन ठेवला.

मला राहवलं नाही. "सिस्टर, नौफला तुम्ही जनीताईंचं का नाही सांगितलं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिने आठवणीचं विचारलं. मी आठवणीचं सांगितलं."

"पण तिला वाटलं असेल की..."

"तिच्या दारात चार गाड्या आहेत. माझ्या घरी मी आहे."

त्या माझ्याकडे बघत होत्या. राग नव्हता. पुढे काही विचारायचं असेल तर विचार, उत्तर देईन, असं ते बघणं होतं. मी विचारलं नाही. नौफच्या तीन महिन्यांत क्लिनिक लाल यादीतून सुटलं होतं, आणि ते परत यादीत जायच्या आत त्या वर्षी त्यांचा इकामा वाढला.

वर्षभराने नौफ आली. लग्न झालं होतं, पोट दिसत होतं, बरोबर सासू. रक्त तपासायला आली होती. ते मी घेतलं असतं, पण ती म्हणाली, "माझ्या सिस्टरला बोलवा."

सिस्टर आल्या. खुर्चीसमोर बसल्या.

"नाव?"

नौफ हसली. मग नाव सांगितलं, बापाचं, आजोबाचं, कुळाचं. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला.

"तू खरं सांगितलं होतंस," नौफ म्हणाली. "मी घरचीच राहिले. आजी माझ्या हातची कॉफी पिते."

"मूठ मिट."

"हिवाळ्यात आमच्याकडे एक बाई अडली. माझ्या चुलतभावाची बायको. सगळे माझ्याकडे बघत होते, नर्स आहेस ना म्हणून. मला काही येत नव्हतं. इथे तेवढं शिकलेच नव्हते. मग गाडीत घातलं तिला. रस्त्यातच गेली. बाळही गेलं." तिने हे सहज सांगितलं, गावाकडची बातमी सांगावी तसं. "दवाखाना झालाय आता आमच्याकडे. तिथे शहरातली कुणीतरी येते, आठवड्यातून दोनदा."

नळीत रक्त चढत होतं. ती भरल्यावर सिस्टरांनी पट्टा सोडला. सुई काढली, कापूस दाबला, नौफचंच बोट त्यावर ठेवलं.

"दाबून धर. पुढचा पेशंट."

नौफ क्षणभर बसून राहिली. तिला आणखी काही ऐकायचं होतं असं वाटलं. सासूने हाक मारली, तशी ती उठली.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भोये सिस्टरांकडे बघत होते. त्यांनी डबा पूर्ण खाल्ला. नेहमीसारखा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "तू बघत बसू नकोस माझ्याकडे. जेव."

पुढच्या उन्हाळ्यात मुदीरला दोन सौदी नर्सेस एकदम मिळाल्या. दोघी दम्मामच्याच, हुशार, लगेच सही करून मोकळ्या झालेल्या. सिस्टरांना त्याने बोलावलं तेव्हा आधी चहा मागवला. त्या म्हणाल्या, "चहा नको. किती तारखेपर्यंत?" मनीषाच्या शिक्षणाचं तेव्हा दीड वर्ष राहिलं होतं. मी नाशिकला कुठे ओळखीने बघू का विचारलं. "नाशिकला मरणारे कमी आहेत का?" त्या म्हणाल्या. "मिळेल."

शेवटच्या दिवशी मुदीरने केक आणला होता. सिस्टरांनी तो कापला नाही, कामं आहेत म्हणाल्या, आणि खरंच दुपारपर्यंत कामं केली. नव्या मुलींपैकी थोरलीला कपाटं दाखवली, चाव्या दिल्या. मग युनिफॉर्म बदलून अबाया घालून आल्या. पर्स काखेत. बाहेर क्लिनिकची गाडी उभी होती, विमानतळावर सोडायला. मला म्हणाल्या, "येते." मी पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या. "राहू दे. हे तुमच्यातलं."

तेवढ्यात एक माणूस धावत आत आला. कडेवर तीन-चार वर्षांचा मुलगा, गुडघा काचेने उभा फाटलेला, सगळीकडे रक्त. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते, हाक गेली. तोवर धुवून, बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं होतं. थोरल्या मुलीने सुई भरली. मुलगा इतका झटके देत होता, की तिला सुई टेकवता येईना. तिने वर बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. भोये सिस्टर दारात उभ्या होत्या.

"सिस्टर, प्लीज," ती मुलगी म्हणाली.

सिस्टरांनी जखमेकडे बघितलं. मग तिच्या हाताकडे. पर्स काखेतच होती.

"मी आता इथली कोणी नाही," त्या म्हणाल्या आणि काचेचं दार ढकलून बाहेर गेल्या.

बापाने खांदे धरले, मी पाय धरला. मुलीने सुई घातली, चुकली, परत घातली. त्या मुलाचं ओरडणं अजून मला ऐकू येतं. बऱ्याच वेळाने औषध चढलं, तो हुंदके देत देत गप्प झाला, डॉक्टर आले, टाके घालू लागले. मी मान वळवून बाहेर बघितलं.

गाडी अजून तिथेच होती. भर दुपारचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि भोये सिस्टर गाडीच्या उघड्या दाराशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. ड्रायव्हर मागे डिकीत बॅगा लावत होता, म्हणूनही थांबल्या असतील. आतला आवाज थांबल्यावर जरा वेळाने त्या आत बसल्या आणि दार ओढून घेतलं.